'लॉस्ट'चा शेवट: ठाण्यातल्या आमच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातली आम्ही काही मंडळी शनिवारी रात्री जमून 'लॉस्ट' ही अमेरिकन मालिका पहिल्या भागापासून बघत आलो. सहावा, म्हणजे शेवटचा सीझन संपला आणि बसणाऱ्यांचे सरळ दोन तट पडले. तेव्हापासून जिन्यात, तलावपाळीच्या फेरीत, गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात, जो भेटेल तो त्याच प्रश्नांवर येतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. खाली शेवटापर्यंतचं सगळं उघड केलं आहे. मालिका बघायची राहिली असेल तर आधी ती बघा, मग हे वाचा.

शेवटी काय, सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते ना?

नाही. हा समज इतका पक्का बसला आहे की मालिकेचा एकही भाग न पाहिलेली माणसंसुद्धा तो ठामपणे सांगतात.

बेटावर जे घडलं ते खरंच घडलं. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशनिक ८१५ विमान खरंच कोसळलं, त्यातली माणसं खरंच वाचली, भांडली, प्रेमात पडली आणि त्यांतली बरीचशी तिथे मेलीही. शेवटच्या भागात, मेल्यानंतर सगळे जमतात त्या चर्चच्या आतल्या खोलीत, नायक जॅकचे वडील ख्रिश्चन शेपर्ड त्याला हे अगदी स्पष्ट सांगतात: तुझ्या आयुष्यात जे जे झालं ते खरं होतं, इथे जमलेल्यांपैकी काही तुझ्या आधी गेले आणि काही तुझ्यानंतर कितीतरी काळाने. केट, सॉयर, क्लेअर, माइल्स, रिचर्ड आणि पायलट लॅपिडस हे सहा जण अजिरा कंपनीच्या विमानातून बेटावरून सुटतात. ते विमान डोक्यावरून जाताना बघत जॅक बांबूच्या बनात प्राण सोडतो. पहिल्यापासून सगळे मेलेलेच असते, तर कोणाला सोडवायला जॅकने जीव दिला असता? हर्ली आणि बेन तर पुढे बेट सांभाळत राहिले. चर्चबाहेर ते एकमेकांच्या कामाला दाद देतात, ती वर्षानुवर्षं बरोबर काम केलेल्या माणसांची दाद आहे.

गैरसमजाला एक खरंखुरं कारणही आहे. २३ मे २०१० च्या रात्री हा भाग अमेरिकेत एबीसीवर लागला, तेव्हा श्रेयनामावलीवर किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची चित्रं दाखवली गेली. माणूस एकही नाही, नुसते अवशेष. ती चित्रं कथेचा भाग नव्हती. शेवटाच्या हळव्या दृश्यावरून एकदम बातम्यांवर उडी नको, म्हणून वाहिनीने ती घातली होती आणि नंतर तसा खुलासाही केला. पण तोवर लाखो लोक एकच निष्कर्ष काढून झोपायला गेले होते.

मग सहाव्या सीझनमधलं ते दुसरं जग काय होतं?

मेल्यानंतरची मधली जागा. या माणसांनी एकमेकांना शोधण्यासाठी मिळून तयार केलेली. ख्रिश्चनच्या सांगण्याप्रमाणे तिथे 'आत्ता' असं काही नाही, म्हणून २००७ साली मेलेला आणि म्हातारा होऊन मेलेला एकाच वेळी तिथे भेटू शकतात.

सीझन चालू असताना मात्र हे कोणालाच कळत नाही. पाचव्या सीझनच्या अखेरीस ज्युलिएट दगडाने हायड्रोजन बॉम्बवर घाव घालते, पडदा पांढरा होतो, आणि सहावा सीझन उघडतो तो विमान सुखरूप उडत असताना. बेट समुद्राच्या तळाशी. बॉम्बने इतिहास बदलला आणि दोन काळ समांतर चालू झाले, असंच बघणाऱ्याला वाटतं. लेखकांनी ते मुद्दाम वाटू दिलं.

आमच्यातल्या अर्ध्या लोकांना ही फसवणूक वाटते. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं तेव्हा माझं मत वेगळं झालं, कारण खुणा पेरलेल्या आहेत. सहाव्या सीझनच्या पहिल्याच भागात विमानाच्या स्वच्छतागृहात जॅकला मानेवर रक्त दिसतं आणि ते कुठून आलं हे त्याला समजत नाही. ती जखम शेवटच्या भागात, कड्यावरच्या मारामारीत होते. पुढे त्याला पोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण दिसतो. आई सांगते, लहानपणी झालं होतं. जॅकला ते आठवत नाही. आठवणार कसं, ते ऑपरेशन चौथ्या सीझनमध्ये बेटावर ज्युलिएटने केलं होतं.

सर्वांत सुंदर खूण ज्युलिएटचीच. मरताना ती सॉयरशी अर्धवट बोलते, एकत्र कॉफी प्यायला जाऊ म्हणते. एक वाक्य मनात राहून जातं, ते मेलेल्यांचे शेवटचे विचार ऐकू येणारा माइल्स नंतर तिच्या मृतदेहाजवळ 'ऐकतो': जमलं. सगळे समजतात, बॉम्बचं जमलं. शेवटच्या भागात इस्पितळातल्या यंत्रात चॉकलेट अडकतं, ज्युलिएट सॉयरला ते काढायची युक्ती सांगते, चॉकलेट खाली पडतं आणि ती म्हणते, जमलं. मग कॉफीचं बोलणं निघतं. म्हणजे मरताना ती पलीकडे पोचलीच होती. हा धागा ज्याने विणला त्याला आपण काय करतो आहोत हे पुरतं ठाऊक होतं. इथे लेखकांवर आळशीपणाचा आरोप मला मान्य नाही.

बॉम्ब फुटला की नाही?

फुटला असावा, पण त्याने इतिहास बदलला नाही. जे घडलं ते तसंच घडलेलं होतं, एवढंच मालिका सुचवते.

एवढी मोठी मालिका, तिच्या शेवटावर लोक इतके का चिडले?

कारण पाच वर्षं मालिकेनेच त्यांना कोडी सोडवायला बसवलं होतं.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या पहिल्या सीझनपासून वही घेऊन बसायच्या. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. ध्रुवीय अस्वल उष्ण बेटावर कसं आलं? बेटावर माणसं मारत फिरणारा तो काळा धूर म्हणजे नक्की काय? वॉल्टमध्ये कसली शक्ती होती, की बेटावर आधीपासून राहणाऱ्या 'इतर' म्हटल्या जाणाऱ्या लोकांना तो मुलगा इतका हवा होता? बेटावर गर्भार राहिलेल्या बायका का मरतात? पाचव्या सीझनमध्ये होडीतल्या आपल्या माणसांवर दुसऱ्या होडीतून गोळ्या कोणी झाडल्या? शेवटचा भाग संपला तेव्हा बाईंची बरीच उजवी पानं कोरी होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग मला हे लिहायला का लावलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ज्यांना शेवट आवडला त्यांनी तो झटकून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. "तुम्हाला माणसांची गोष्ट कळलीच नाही" असं बाईंना ऐकवणं अन्याय आहे. कोडी हा वरचा मुलामा नव्हता. दर भाग कोड्यावर संपायचा, जाहिराती कोड्यांच्या असायच्या. बघणाऱ्याला वाटणारी उत्सुकता मालिकेने स्वतः जोपासली होती, तेव्हा ती पुरी करायची जबाबदारीही तिचीच.

दुसऱ्या बाजूचंही तितकंच खरं. पहिल्या सीझनपासून प्रत्येक भाग कोणा एकाच्या भूतकाळात शिरतो: बापाशी न जमलेला जॅक, चाकाच्या खुर्चीतून उठलेला लॉक, हातून झालेल्या छळाचं ओझं वाहणारा सईद. ही माणसं विमान पडण्याआधीच हरवलेली होती. त्यांचं काय झालं, याचं उत्तर शेवटच्या भागात पूर्ण मिळतं. सन आणि जिनला अल्ट्रासाउंडच्या खोलीत सगळं आठवतं, किंवा क्लेअरच्या बाळंतपणात चार्ली तिला ओळखतो, तेव्हा आमच्या खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. बाईंनीही डोळे पुसले.

म्हणजे मालिका दोन वचनं देऊन निघाली आणि तिने एकच पाळलं. ज्याला जे वचन जवळचं, त्याप्रमाणे तो सुखावला किंवा दुखावला.

'लॉस्ट'च्या मुख्य लेखकांपैकी एक, डेमन लिंडेलॉफ, याने पुढे टॉम पेरोटा या कादंबरीकाराबरोबर 'द लेफ्टओव्हर्स' केली. जगातले दोन टक्के लोक एका क्षणी नाहीसे होतात, अशी ती गोष्ट. ते कुठे गेले हे सांगणार नाही, असं तिथे आधीच जाहीर करून टाकलं होतं. तीही २०१७ मध्ये संदिग्धच संपली, तरी प्रेक्षकांनी तिला मायेने निरोप दिला. संदिग्धता लोकांना सोसते. आधी उत्तर मिळेल असं सांगून मग हात आखडता घेतलेला सोसत नाही.

लेखकांना शेवट आधीपासून ठाऊक होता का?

थोडाफार. मालिका २२ सप्टेंबर २००४ ला सुरू झाली तेव्हा ती किती वर्षं चालणार हे कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या सीझनमध्ये कथा जागच्या जागी फिरू लागली. जॅकच्या अंगावरच्या गोंदणाचा इतिहास सांगणारा एक अख्खा भाग आला, आणि तो पुढे लिंडेलॉफ स्वतःच दुबळ्या भागाचा नमुना म्हणून सांगू लागला. लिंडेलॉफ आणि त्याच्याबरोबर मालिका चालवणारा कार्लटन क्यूस यांनी वाहिनीकडे शेवटाची तारीख मागितली, आणि मे २००७ मध्ये जाहीर झालं की आणखी ४८ भाग होतील आणि २०१० मध्ये मालिका संपेल. लोकप्रिय मालिका तीन वर्षं आधी आपली अखेर जाहीर करते, ही अमेरिकन टीव्हीवर तेव्हा नवलाची गोष्ट होती. टीआरपी आहे तोवर ताणत राहायचं, हे आपल्या रोजच्या मालिकांतही आपण बघतोच.

मध्ये २००७-०८ चा लेखकांचा संप आला आणि चौथा सीझन १४ भागांवर आटोपला. उरलेले भाग पुढे वाटले गेले. एकूण १२१ भाग झाले.

चौकट ठरली होती, आतला तपशील मात्र वाटेत सुचत गेला असं मला वाटतं. एक उदाहरण पुरे. पहिल्या सीझनमध्ये गुहेत दोन सांगाडे सापडतात आणि जॅक, जो डॉक्टर आहे, कपड्यांच्या अवस्थेवरून ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे म्हणून सांगतो. सहाव्या सीझनमध्ये कळतं की ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. हे पटवून घ्यायला बरीच उदारता लागते.

'अक्रॉस द सी' या भागावर एवढी टीका का?

कारण तो फार उशिरा आला. ११ मे २०१० ला, अखेरीच्या तोंडावर, एकाही ओळखीच्या नायकाला जागा न देता बेटाचा राखणदार जेकब आणि त्याच्या भावाचं बालपण सांगणारा हा भाग लागला. शेवटाकडे धावणारी गाडी मध्येच बाजूला घेतल्यासारखं झालं. त्यात बेटाच्या रहस्याचं मूळ म्हणून दिसते एक उजेडाने भरलेली गुहा. पाच वर्षं विज्ञान, चुंबकशक्ती, काळाचा प्रवास यांची चर्चा केलेल्या माणसाला गुहेतला उजेड पुरणार कसा?

त्याच भागात या मुलांना वाढवणारी बाई सुरुवातीलाच सांगते, की मी दिलेल्या प्रत्येक उत्तरातून आणखी एक प्रश्न निघेल. लेखक प्रेक्षकाशीच बोलत होते, हे उघड आहे. मला ते वाक्य आवडलं, जागा आवडली नाही. हा भाग सीझनच्या सुरुवातीला, मंदिरातल्या त्या लांबलेल्या भागांच्या जागी असता, तर पचायला वेळ मिळाला असता.

४, ८, १५, १६, २३, ४२ या आकड्यांचा अर्थ लागला का?

अर्धा. जेकबच्या गुहेत छतावर आणि भिंतीवर नावं कोरलेली दिसतात: ४ लॉक, ८ रेयेस म्हणजे हर्ली, १५ सॉयर, १६ सईद, २३ जॅक, ४२ क्वॉन, म्हणजे सन किंवा जिन. बेटाचा राखणदार होऊ शकतील असे हे उमेदवार. आकड्यांची बेरीज १०८, आणि दुसऱ्या सीझनमध्ये दर १०८ मिनिटांनी भुयारातलं एक बटण दाबावं लागतं. पण हेच आकडे लॉटरीत, भुयाराच्या झाकणावर, रेडिओच्या संदेशात कसे आले, हे मालिकेत कुठेच सांगितलेलं नाही.

धर्मा इनिशिएटिव्ह, 'नमस्ते', खिडकीत ॐ... यात आपलं तत्त्वज्ञान आहे का?

ठाण्यात हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही असतो. धर्मा ही मालिकेतली सत्तरच्या दशकातली संशोधन संस्था. तिच्या फिल्ममधले शास्त्रज्ञ 'नमस्ते' म्हणून निरोप घेतात. पण ते त्या काळच्या अमेरिकन हिप्पी वातावरणाचं चित्र आहे, आणि संस्थेचं अष्टकोनी चिन्ह तर चिनी बाग्वा या आठ चिन्हांच्या आकृतीवरून घेतलेलं. सईदचं काम करणारा नवीन अँड्र्यूज मल्याळी आईवडिलांचा, लंडनला जन्मलेला नट आहे. भूमिका मात्र इराकी सैनिकाची.

शेवटच्या खोलीतली रंगीत काचेची खिडकी वेगळी. तिच्यात क्रॉस, चंद्रकोर, डेव्हिडचा तारा, ॐ, धर्मचक्र आणि यिन-यांग एकत्र आहेत. काहींना ही सगळ्यांना खूश करायची युक्ती वाटली. मला ती प्रामाणिक वाटते, कारण त्या मधल्या जागेची कल्पना एकट्या ख्रिस्ती धर्मात बसत नाही. तिबेटी बौद्धांच्या 'बार्दो', म्हणजे मृत्यू आणि पुढचा जन्म यांमधल्या अवस्थेशी तिचं नातं जास्त जवळचं आहे. आमच्या एका काकांनी एवढंच म्हटलं, "ऋणानुबंध फिटल्याशिवाय सुटका नाही, हेच तर दाखवलंय." पुढे कोणी काही बोललं नाही, कारण याहून नेमकं सांगणं कोणालाच जमलं नसतं.

वय जास्त असलेल्यांना शेवट आवडला आणि तरुणांना नाही, असं झालं का?

आमच्याकडे उलटं झालं. ज्येष्ठ मंडळींना हिशेब हवा होता. घोडबंदर रोडवरून येणारा विशीतला एक मुलगा, त्याचे वडील मागच्या वर्षी गेले, तो जॅक आणि ख्रिश्चनच्या दृश्यानंतर उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याला वॉल्ट, अस्वल, आकडे यातलं काहीही विचारायचं नव्हतं. वयापेक्षा तुम्ही त्या दिवसांत काय सोसत आहात, त्यावर हे जास्त अवलंबून असावं.

चर्चमध्ये सगळे का नाहीत? आणि सईदबरोबर शॅनन का?

जी माणसं पुढे जायला तयार नाहीत ती आली नाहीत. बेन बाहेर बाकावर बसून राहतो, त्याला अजून काही निस्तरायचं आहे. वॉल्टचा बाप मायकल, त्याचा आत्मा बेटावरच अडकला आहे. जंगलातली ती कुजबुज अशा अडकलेल्यांची होती, हे रहस्य सहाव्या सीझनमध्ये सुटतं.

सईद आणि शॅननचं मात्र मी समर्थन करू शकत नाही. नादियासाठी हा माणूस वर्षानुवर्षं जग पालथं घालतो, तिच्याशी लग्न करतो, तिच्या मृत्यूने उद्ध्वस्त होतो. आणि शेवटी त्याची जागा पहिल्या सीझनमधल्या काही दिवसांच्या प्रेमाशेजारी? बेटावरच्या माणसांनीच ती जागा बांधली, म्हणून बेटावरचं नातं, हा खुलासा मी ऐकला आहे. मग डेझमंडच्या शेजारी बेटावर कधीच न आलेली त्याची पेनी कशी? शेवट आवडणाऱ्यांच्या बाजूची असूनही हे मला आजवर पटलेलं नाही.

तेव्हा खरंच एवढी हवा होती का?

होती. २०१० च्या जानेवारीत व्हाइट हाउस राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणासाठी २ फेब्रुवारीचा विचार करत होतं, म्हणजे नेमका शेवटच्या सीझनचा पहिला दिवस. प्रेक्षकांनी इतका ओरडा केला की प्रवक्त्याला पत्रकारांसमोर सांगावं लागलं, भाषण मालिकेच्या आड येणार नाही. शेवटचा भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ३५ लाख लोकांनी पाहिला. पहिला भाग १ कोटी ८६ लाखांनी पाहिला होता, म्हणजे वाटेत बरेच गळाले होते.

राग मात्र ओसरला नाही. लोक वर्षानुवर्षं लिंडेलॉफला शिव्या घालत राहिले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने ट्विटर सोडलं. आवडलं नाही हे सांगायचा हक्क प्रत्येकाला आहे. एका माणसाच्या मागे तीन-तीन वर्षं लागणं हा त्या हक्काचा भाग नाही.

पाचव्या सीझनवरच थांबलं तर चालेल का?

नका थांबू. मंदिराचे भाग रटाळ आहेत, जॅकला त्या दुसऱ्या जगातल्या स्वतःच्या मुलाच्या गोष्टीत गुंतवून मग तो मुलगा खरा नव्हताच हे कळतं, त्याचाही त्रास होतो. पण रिचर्डचा भूतकाळ सांगणारा 'अब एटर्नो' याच सीझनमध्ये आहे. बेन झालेल्या मायकल एमर्सनचं काम तर शेवटपर्यंत बघण्यासारखं. इतकी वर्षं खोटं बोलून जगलेला हा माणूस जंगलात आपल्या मुलीबद्दल खरं बोलतो, ते दृश्य चुकवू नये.

शेवटच्या भागानंतर आणखी काही आहे का?

आहे, आणि बऱ्याच जणांना माहीत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये डीव्हीडीसोबत 'द न्यू मॅन इन चार्ज' नावाचा सुमारे १२ मिनिटांचा तुकडा आला. बेन ग्वाममधल्या धर्माच्या गोदामात जातो आणि तिथल्या दोन कामगारांना त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देतो: बेटावर धान्याची खोकी आकाशातून कशी पडायची, अस्वलं कशासाठी आणली होती. मग तो आणि हर्ली वॉल्टला मानसोपचार रुग्णालयातून घेऊन जातात आणि बेटावर त्याच्यासाठी काम आहे असं सांगतात. वॉल्टची शक्ती नेमकी काय, हे तिथेही उलगडत नाही, पण त्याला विसरले नव्हते हे कळतं. शेवटचा भाग बघितला त्याच रात्री हे लावू नका, दुसऱ्या दिवशी बघा. बाईंनी बघितलं, वही काढली आणि तीन उजवी पानं भरली.